तक्रार बंद कोणी करायची?

मोबाइलवरून महापालिकेला खड्ड्याचे फोटो पाठवणे हा सुखवस्तूंचा रिकामा उद्योग आहे, असे एक जाणते नागरी अभ्यासक हल्ली जिथे माइक मिळेल तिथे सांगत असतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ॲपवरच्या तक्रारी काम न होताच ‘निकाली’ निघतात, गरिबाकडे स्मार्टफोन नसतो आणि खरे काम होते ते नगरसेवकाला गाठूनच.

नगरसेवकाला गाठायचे, पण कोणत्या? मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि निवडणुकीला जानेवारी २०२६ उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता.

स्मार्टफोनचे म्हणाल, तर मुंबईत १९१६ या क्रमांकावर साध्या फोनवरूनही तक्रार नोंदवता येते. शिवाय तक्रार एकाने केली तरी खड्डा सगळ्या गल्लीचा बुजतो.

उरला ‘निकाली’चा मुद्दा. यातली वस्तुस्थिती कोणीच नाकारत नाही. चेंबरचे झाकण तुटल्याची तक्रार जाते, दोन दिवसांत ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’ असा मेसेज येतो आणि चेंबर मात्र उघडाच असतो, कोणीतरी खोवलेल्या फांदीसकट. संताप येण्यासारखीच ही गोष्ट आहे. पण त्यावरून ॲपच कुचकामी ठरवणे म्हणजे चोरी उघडकीस आणणाऱ्यालाच चोर म्हणणे. ॲप येण्याआधी काय होत होते? वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर अर्ज द्यायचा, शिक्का मारलेली पोच मिळाली तर मिळाली. आठवड्याने गेले की साहेब साइटवर. पुन्हा गेले की ‘हा रस्ता आमच्याकडे नाही, पीडब्ल्यूडीकडे जा.’ तिथे गेले की उलट उत्तर. तो अर्ज फायलीत मेला, हे शेजारच्या इमारतीलाही कळत नसे. खोटे निराकरण तेव्हाही होतच होते, फक्त त्याचा पुरावा उरत नव्हता. आज फोटो, जागा, तारीख आणि तक्रार बंद केल्याची वेळ नोंदली जाते. अभ्यासकमहाशय ज्या खोटेपणावर भाषणे देतात, तो त्यांना दाखवता येतो तोच या नोंदीमुळे.

या नोंदीची किंमत न्यायालयात तर आणखी वाढली आहे. रस्त्यांच्या दुर्दशेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१३मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. ऑक्टोबर २०२५च्या आदेशात खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई आणि निदर्शनास आलेला खड्डा ४८ तासांत दुरुस्त करण्याचे बंधन घातले गेले. निदर्शनास कधी आला? हे ४८ तास मोजायचे तर तारीखवेळ लागते. ती तोंडी विनवणीत नसते आणि मोर्चाच्या घोषणेतही नसते.

हा वाद नवा नाही. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२मध्ये आला आणि केंद्राचा २००५मध्ये. तेव्हाही ‘कामे सोडून कारकून झेरॉक्स काढत बसतील’ असा सूर लागला होता. पुढे त्याच कायद्याने रेशन दुकानांपासून रस्त्यांच्या कंत्राटांपर्यंतची कागदपत्रे सामान्य माणसाच्या हाती दिली. विरोधाचा सूर लावणारे तेव्हाही स्वतःला व्यवहारीच म्हणवत होते.

मग करायचे काय? ब्रिटनमध्ये ‘फिक्समायस्ट्रीट’ २००७पासून चालू आहे. तिथे तक्रार नकाशावर सर्वांना दिसते आणि चार आठवड्यांनी तक्रारदारालाच विचारले जाते की काम झाले का. इथेही तेवढेच हवे. तक्रार उघड असावी, बंद करताना कामानंतरचा फोटो सक्तीचा असावा आणि तक्रारदाराने होकार दिल्याशिवाय ती बंद होऊ नये. महाराष्ट्राच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. दाखल्यांना लागू असलेली ही शिस्त खड्ड्यांना आणि उघड्या चेंबरनाही लावावी. त्यासाठी नवे ॲप काढायची गरज नाही. असलेल्या ॲपमधला बंद करण्याचा अधिकार अभियंत्याकडून काढून तक्रारदाराकडे द्यायचा, एवढी अट पुढच्या कंत्राटात घालता येईल.