दस्तरखान : हॉटेलसारखा पिझ्झा आणि ब्रेडस्टिक्स, घरच्या आचेवर

शाळांना सुट्टी लागली की घरोघरी मुलांची एकच फर्माईश असते, पिझ्झा! पाच-सहा जणांच्या कुटुंबाने बाहेर बसून पोटभर पिझ्झा खायचा म्हटला तर आठवड्याच्या किराण्याचे पैसे एका संध्याकाळी उडतात. त्यात दुसरा प्रश्न असतोच, वरची कोंबडी हलाल आहे का? काउंटरवरचा मुलगा आत जाऊन विचारून येतो, "हो" म्हणतो, पण आपल्या मनाचे समाधान होत नाही. मग आई म्हणते, "चला, व्हेज मागवू," आणि मुले हिरमुसतात.

दोन्ही अडचणींवर तोड म्हणजे पिझ्झा घरी करणे. पण घरी केला की मुले पहिल्याच घासाला सांगतात, "हॉटेलसारखा नाही झाला." मुले खोटे बोलत नाहीत. म्हणून या महिन्यात आम्ही तक्रारीच्या मुळाशी जाणार आहोत.

चव कुठे असते?

बहुतेक घरांत बाजारातला तयार बेस आणला जातो आणि सगळा जोर वरच्या भाज्यांवर, सॉसवर आणि चीजवर दिला जातो. हॉटेलची चव मात्र खाली असते. पिठाला दिलेला वेळ, पिठातले पाणी आणि तळाला मिळालेली धग या तिघांची ती करामत आहे.

पिझ्झाचे माहेर इटलीतले नेपल्स शहर. तिथल्या कारागिरांच्या हुनराला युनेस्कोने २०१७ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांची लाकडाची भट्टी चारशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून बाहेर येतो. आपला घरचा ओव्हन २३० ते २५० अंशांवर थांबतो. तेवढी धग आपल्याला मिळणार नाही, पण तळाला चटका देण्याची युक्ती आपल्याकडे आहेच. नान तंदूरच्या तापलेल्या भिंतीला चिकटतो आणि लगेच फुगतो, तेच तत्त्व इथेही लागू आहे. ओव्हनमध्ये जाड लोखंडी तवा अर्धा तास तापू द्या आणि पिझ्झा थंड ट्रेवर न ठेवता त्या तव्यावर सरकवा. तव्याला लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नसावी.

पीठ

या मापात नऊ इंची दोन पिझ्झा आणि आठ ब्रेडस्टिक्स होतात. मैदा ५०० ग्रॅम, कोमट पाणी साधारण ३२० मिली, इन्स्टंट यीस्ट १ चहाचा चमचा, साखर १ चमचा, मीठ दीड चमचा, तेल २ मोठे चमचे.

पाणी मनगटावर टाकून पाहावे, जेमतेम कोमट लागले पाहिजे. कढत पाण्यात यीस्ट मरते आणि मग पीठ कितीही वेळ ठेवले तरी फुगत नाही. मैदा, यीस्ट आणि साखर एकत्र करून पाणी घाला, मीठ व तेल नंतर. पीठ चपातीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला चिकटणारे असेल. इथेच बहुतेक भगिनी घाबरून वरून मैदा टाकतात आणि पिझ्झाची भाकरी होते. मैदा टाकू नका, हाताला तेल लावा आणि दहा मिनिटे मनापासून तिंबा. लिंबाएवढा गोळा बोटांनी ताणल्यावर न फाटता पातळ पडद्यासारखा झाला की पीठ तयार.

घाई असेल तर झाकून दीड-दोन तास, दुप्पट होईपर्यंत ठेवा. पण खरी हॉटेलची चव हवी असेल तर यीस्ट अर्धाच चमचा घ्या आणि पीठ झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत खमीर सावकाश चढते आणि चव खुलते. भाजण्याच्या दीड तास आधी पीठ बाहेर काढा.

सॉस आणि चीज

अर्धा किलो लांबट, घट्ट टोमॅटो उकडून, साल काढून कुस्करा. दोन चमचे तेलात चार पाकळ्या लसूण परता, टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर, ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्स घाला. एक वाटी उरेपर्यंत आटवा. सॉस पातळ राहिला तर बेस ओला पडतो.

चीजच्या वड्या किंवा स्लाइस असतात ते प्रोसेस्ड चीज, त्याला तार सुटत नाही. तारेसाठी मोझरेला हवे. एका पिझ्झाला शंभर ग्रॅम पुरे, सगळ्या मुलांना वाटते तितके लागत नाही! अख्खा तुकडा आणून घरी किसलेला बरा.

खरेदी करताना पाकीट वाचा. हिरवा ठिपका असलेल्या चीजमध्ये दूध गोठवायला जनावराचे रेनेट वापरलेले नसते, त्यामुळे ती शंका मिटते. आयात केलेल्या चीजचे तसे नाही. इटलीचे अस्सल पार्मेसान वासराच्या पोटातल्या रेनेटवर बनते, आणि ते जनावर कसे जबह झाले ते पाकिटावर लिहिलेले नसते. पेपरोनीचेही तसेच. अमेरिकी पद्धतीची पेपरोनी बहुधा डुक्कर आणि गोमांस मिळून करतात. परदेशातून येणारे पाहुणे अशी पाकिटे प्रेमाने आणतात, त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

कोंबडी आपल्या नेहमीच्या खाटकाकडची घ्या. २०० ग्रॅम बोनलेस चिकनला दही, आले-लसूण, तिखट आणि लिंबू लावून तव्यावर पूर्ण शिजवा, रस आटवून कोरडे करा. कच्चे चिकन पिझ्झावर कधीही टाकू नये, दहा मिनिटांत ते आतून शिजत नाही. उरलेला कोरडा खिमा असेल तर तोही सुरेख लागतो.

भाजणी

आधी ब्रेडस्टिक्स. इटलीतल्या तुरीन शहराच्या ब्रेडस्टिक्स पेन्सिलीसारख्या बारीक आणि कडक असतात, मुलांना हव्या असतात त्या अमेरिकी धाटणीच्या मऊ. पिठाचा तिसरा भाग घेऊन आठ वळ्या करा, ट्रेवर अर्धा तास फुगू द्या आणि २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटे भाजा. बाहेर काढताच वितळलेले लोणी, ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर यांचा हात फिरवा. लसूण आधी लावला तर जळून कडू होतो.

मुले त्या खाईपर्यंत ओव्हन पूर्ण तापवा, तवा आतच असू द्या. उरलेल्या पिठाचे दोन गोळे हाताने थापून पसरवा, लाटण्याने आतली हवा निघून जाते. उलट्या ताटावर रवा भुरभुरवून त्यावर पिझ्झा रचा म्हणजे तो सहज सरकतो. ८ ते १० मिनिटांत कडा लालसर होतात. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवर भाजा, साध्या मायक्रोवेव्हवर बेस रबरासारखा होतो.

ओव्हन नाही? हरकत नाही. आपल्या आज्या वर-खाली निखारे ठेवून नानकटाई भाजत होत्या. जाड तव्यावर बेस मध्यम आचेवर दोन मिनिटे भाजा, उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज घाला, झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटे ठेवा. ब्रेडस्टिक्सही झाकलेल्या तव्यावर उलटसुलट करून होतात.

भाजणारीचे काय?

एक गोष्ट पाककृतींच्या पुस्तकात नसते. पिझ्झा एकेक करून निघतो. पहिला आला की सगळे दस्तरखानावर बसतात, आणि आई ओट्यापाशी उभी राहून दुसरा, तिसरा भाजत राहते. तिच्या वाट्याला शेवटी थंड झालेला तुकडा येतो. बाहेर जाण्याचा खर्च वाचला, पण तो तिच्या पायांनी भरला. मुलांना हॉटेल आवडते त्यात अम्मीही शेजारी बसलेली असते, हाही भाग आहे.

यावर उपाय सोपा आहे. दुपारीच सगळे बेस सॉस-चीज न घालता तीन-चार मिनिटे भाजून, निववून ठेवा. संध्याकाळी त्यावर सामग्री घालून पाच-सहा मिनिटांत एकेक काढता येतो. चीज किसणे मुलींचे आणि मुलग्यांचेही, पीठ तिंबणे अब्बांचे, त्याला मनगटाचा जोर लागतो. पहिला पिझ्झा झाकून ठेवा, दुसरा निघाला की गॅस बंद करून सगळ्यांनी एकदमच बिस्मिल्लाह करावी.