'तुला काय टेन्शन!' म्हणणाऱ्यांना

बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. दोन-अकराला गेटबाहेर दुसरा पेपर सुरू होतो. त्याला वेळापत्रक नाही, हॉलतिकीट नाही, पर्यवेक्षक नाही. तरी तो दरवर्षी होतो. मुंबईत होतो, पुण्यात होतो, तालुक्याच्या एसटी स्टँडवर होतो. आणि बोर्डाचा निकाल लागायच्या कितीतरी आधी आपली पोरं त्यात नापास केली जातात.

उत्तरं जुळवणं म्हणतात याला. मी म्हणतो ही पंगत आहे. कोण पुढं बसणार, कोण मागं, कोणाच्या पानात काय पडणार, सगळं आधीच ठरलेलं.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. दर परीक्षेला त्यांना आणायला गेटवर जातो, म्हणून हे ऐकीव नाही, पाहिलेलं आहे. घोळक्याच्या मधोमध उभा असतो तो, ज्याच्या क्लासची फी लाखात मोजतात. त्याच्या मोबाइलवर क्लासच्या सरांनी सोडवलेला पेपर येऊन पडलेला असतो. तो वाचतो, बाकीचे माना डोलावतात. एमसीक्यू तिसरा, सी! ज्याने बी लिहिला त्याचं तोंड उतरतं, ज्याने सी लिहिला तो दुसऱ्याच्या उतरलेल्या तोंडाकडे बघून खूश. आणि कडेला प्रश्नपत्रिकेची सुरळी करून उभा असतो आपला पोरगा. त्याला कोणी विचारत नाही, तुझं काय आलं? विचारलंच तर हसायला.

हवेत बोलत नाही. एक गणित घ्या. फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन, ५० मिनिटांत ४० टक्के पूर्ण. रेट कॉन्स्टंट काढा. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. शंभर भागिले साठचा लॉग ०.२२१८. त्याला २.३०३ ने गुणा, ५० ने भागा. क्लासच्या पोराचं उत्तर आलं ०.०१०२ पर मिनिट. आपल्या पोराने ५० मिनिटांचे ३००० सेकंद केले, त्याचं उत्तर आलं ०.०००१७ पर सेकंद. झालं! घोळक्यात हशा. 'अरे कुठे ते आणि कुठे हे!'

दोन्ही उत्तरं एकच आहेत, शहाण्यांनो! ०.०१०२ ला ६० ने भागून बघा. दोन्हींवरून हाफ-लाइफ काढा, ६८ मिनिटंच येईल. पण भागायला वेळ कोणाला आहे? मोबाइलवर आलंय ते खरं. आपला पोरगा बरोबर असून घरापर्यंत चूक म्हणून चालत जातो. रात्री जेवत नाही. पुढच्या पेपरचं पुस्तक उघडत नाही. म्हणजे केमिस्ट्रीत न गमावलेला मार्क तो बायोलॉजीत गमावतो. हा आहे गेटबाहेरच्या पेपरचा निकाल.

आणि मग येतं ते वाक्य. गोड आवाजात, खांद्यावर हात ठेवून. 'तुला काय टेन्शन यार, तुमचं कटऑफ कमी असतं.'

या एका वाक्यासाठी मी हे लिहितोय.

अरे, कोणतं कटऑफ? बारावीत पास व्हायला ३५ टक्के लागतात ते तुलाही ३५ आणि मलाही ३५. २ चा लॉग तुझ्या टेबलात ०.३०१० आणि माझ्या टेबलात ०.३०१०. पेपर तोच, तास तेच, उत्तरपत्रिकेवर जातीचा रकाना नाही. मग केमिस्ट्रीच्या पेपरनंतर तुला माझी जात कुठून आठवली? कारण तुझं एक उत्तर चुकलं. चुकीचं दुखणं तुला कुठेतरी पुसायचं होतं. पुसायला आमची पाठ आहेच बापजाद्यांपासून.

मेरिट, मेरिट म्हणून जे नाचतात त्यांच्याबरोबर मी जुळवायला तयार आहे. पण नुसती उत्तरं नाही. सगळंच जुळवू.

भाषा जुळवू. आमची पोरं दहावीपर्यंत मूलद्रव्य, संयुग, क्षपण, आम्लारी शिकतात. अकरावीत गेली की एका सकाळी सगळं इंग्रजी. एलिमेंट, कंपाउंड, रिडक्शन, बेस. कल्पना तीच, पण तोंडातला शब्द काढून घेतला. पोराला क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळवणं हे पक्कं माहीत असतं. पेपरात 'रिडक्शन' बघून तो क्षणभर थबकतो. तीन तासांत असे किती क्षण जातात याचा हिशेब कोणत्या मेरिटमध्ये धरता?

लॅब जुळवू. थिअरीचे ७०, प्रॅक्टिकलचे ३०. मी ज्या ज्युनिअर कॉलेजात शिकलो तिथे टायट्रेशनची रीडिंग फळ्यावर लिहून मिळायची. ब्युरेट कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. परमँगनेटचा गुलाबी रंग मी पहिल्यांदा पाहिला तो थेट परीक्षेच्या दिवशी. ते राहू द्या. कॉलेजात पायही न टाकणारी पोरं प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस कशी घेतात? नाव कॉलेजात, धड क्लासात, मार्क दोन्हीकडून. त्याला 'इंटिग्रेटेड' म्हणायचं! हे टाय-अप इतकं माजलं की २०१८ साली सरकारला सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी लावायचा आदेश काढावा लागला. कोणासाठी? वस्तीतल्या पोरांसाठी? ती बिचारी रोज येऊन रिकाम्या वर्गात बसत होती.

प्रामाणिकपणा जुळवू. मार्च २०२२. हाच बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर परीक्षेआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आणि मुंबईत एका खासगी क्लासवाल्याला पोलिसांनी अटक केली. पेपर फुटतो तेव्हा तो झोपडपट्टीत फुटत नाही, साहेब. तिथे फुटतात पाण्याच्या पाइपलाइनी.

कटऑफही जुळवू. सप्टेंबर २०२३ मध्ये डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेची, म्हणजे नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. सगळ्या प्रवर्गांसाठी. ओपनसाठीसुद्धा. शून्य! कारण जागा रिकाम्या पडल्या होत्या. तेव्हा कुठल्या कॉलनीतून मेरिटचा मोर्चा निघाला? खासगी मेडिकलला एनआरआय कोट्यात पैसे मोजून पोरगा बसतो, त्याला गेटवर कोणी म्हणतं का, 'तुला काय टेन्शन, तुझ्या बापाचं कटऑफ चेकबुकात आहे'? नाही म्हणत. पैशाने मिळालं की ती सोय, घटनेने मिळालं की ती भीक. हे तुमचं रसायनशास्त्र!

आता आपल्या पोरांना दोन शब्द, कारण शत्रूला शिव्या घालून आपला पेपर सुटत नाही.

दोस्ता, तू गेटवर ज्या ७० मार्कांसाठी काळीज कुरतडतोयस, त्यावर आता मेडिकल-इंजिनिअरिंगची मेरिट लिस्ट लागत नाही. ती लागते सीईटीवर, नीटवर. नीटमध्ये ७२० पैकी १८० मार्क केमिस्ट्रीचे, चुकलं तर एक वजा. आपण बोर्डाच्या दारात धडका मारून कसेबसे पोचलो, तोवर दार हलवून क्लासच्या गल्लीत नेलं. तमिळनाडूच्या अनिताने हेच सांगितलं होतं. दलित मजुराची पोर, बारावीला १२०० पैकी ११७६. तिच्या राज्यात तोवर बारावीच्या मार्कांवर मेडिकल मिळायचं. २०१७ साली नीट आली आणि तिला मिळाले ७२० पैकी ८६. ती सुप्रीम कोर्टापर्यंत लढली. १ सप्टेंबर २०१७ ला तिने जीव दिला. पोरीची उत्तरं बरोबर होती, प्रश्न विचारणारे बदलले होते.

तिला सलाम. पण आपल्याला आणखी फोटो नकोत हार घालायला. २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, ही सरकारी नोंद आहे. त्यात आपली भर घालायची नाही. मार्क गेला तर मार्क गेला. तू जायचं नाहीस. तू लागतोस. घरात लागतोस, वस्तीत लागतोस, चळवळीत लागतोस. मन फारच काळवंडलं तर रात्री एकटा बसू नकोस. कोणाचंही दार वाजव. अभ्यासिकेचं वाजव.

शेवटचा पेपर होईपर्यंत कोणाशी काही जुळवायचं नाही. घोळका दिसला की सरळ पुढं चालू पडायचं. सगळे पेपर संपले की मग आपण बसू, मोबाइल बाजूला ठेवून, पुस्तक आणि लॉग टेबल मधे ठेवून. ज्याचं चुकलं त्याला हसायचं नाही, त्याच्याकडूनच ते गणित पुन्हा सोडवून घ्यायचं. ज्याचं बरोबर आलं त्याने बाकीच्यांना शिकवायचं, फुकट.

आणि निकाल लागला की खरी जुळवाजुळव बोर्डाशी करायची. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागायची. ९ ऑगस्ट २०११ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा परीक्षार्थीचा माहितीचा हक्क आहे. हा हक्क कॉलनीतली पोरं वापरतात आणि आपली पोरं नशीब म्हणून गप्प बसतात. पर सेकंदवालं उत्तर कोणी घाईत कापलं असेल तर मुदतीत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज ठोकायचा. पैसे नसतील तर वर्गणी काढू. जयंतीला काढतो ना? मग याला पण काढू. आणि बोर्डाकडे मागणी लावून धरू: नीटची, सीईटीची उत्तरं जाहीर होतात, त्यावर हरकत घेता येते. तसंच आदर्श उत्तरं आणि कशाला किती मार्क ते पेपर संपल्याबरोबर चव्हाट्यावर मांडा. क्लासवाल्याच्या मोबाइलवर नाही, सगळ्यांसमोर. आणि शिष्यवृत्तीच्या पोरांना छायाप्रत फुकट द्या.

तोवर, गड्यांनो, कोणी खांद्यावर हात ठेवून म्हणालाच की तुला काय टेन्शन, तर हात झटकायचा. आवाज न चढवता त्याला एवढंच विचारायचं: तुझं ते उत्तर बरोबर आहे, मान्य. पण ते कितीला पडलं?