घरगुती खेळांवर हक्क कोणाचा?

मेजाभोवती बसून कल्पित पात्रांच्या भूमिका वठविण्याचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली रचला. त्यातील राक्षस, नगरे, शापित विहिरी ज्याने त्याने घरी रचाव्यात, यातच त्याची खरी गोडी. माझे विद्यार्थीही वह्यांच्या मागील पानांवर असे नकाशे काढतात. भूगोलाच्या नकाशांपेक्षा अधिक मन लावून!

अशा रचना एकत्र करणारे मंडळ काढावे, असे काही पालकांच्या मनात आहे. विचार स्तुत्य खरा. परंतु मजकुरावर हक्क कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे. २००० साली ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशकांनी मूळ नियम वापरण्याचा खुला परवाना दिला. त्या भरवशावर अनेकांनी पुस्तके काढली, संसार थाटले. २०२३ च्या जानेवारीत तोच परवाना आवळण्याचा बेत उघडकीस आला आणि ही मंडळी हवालदिल झाली. खेळाडूंच्या संतापापुढे कंपनीने त्याच महिन्यात माघार घेतली, व श्रेयनिर्देशाच्या अटीवर ते नियम कायमचे खुले केले.

आपल्या मंडळानेही हाच पाठ गिरवावा. प्रत्येक पानावर रचणाऱ्याचे नाव राहावे. उद्या एखाद्या मुलीने दुसऱ्याच्या नगराला आपली नदी जोडली, तर तिला कोणी अडवू नये, हे आजच लेखी असावे. वर्गणीचे मागाहून पाहता येईल.