पंचाची शिटी

मे महिन्याच्या सुटींत आमचा थोरला नातू पुण्याहून महाडास आला होता. दुपारचीं जेवणें आटोपून ओटीवर जरा आडवें व्हावें, तों हा चिरंजीव मोबाइलवर मोटारींच्या शर्यतीची एक जुनी चित्रफीत लावून बसला आणि मधूनमधून "अन्याय! अन्याय!" असें पुटपुटूं लागला. झोंप गेलीच होती. तेव्हां हकीकत विचारली.

शर्यत १२ डिसेंबर २०२१ ची, अबू धाबी येथील. हॅमिल्टन व व्हर्स्टॅपन या दोघांचे वर्षभराचे गुण अगदीं सारखे, ३६९.५. अठ्ठावन्न फेऱ्यांपैकीं शेवटच्या पांच-सहा उरल्या असतां लतीफी नांवाच्या तिसऱ्याच चालकाची मोटार भिंतीवर आदळली आणि सर्वांस सावकाश चालविणारी संरक्षक मोटार पुढें आली. आघाडी हॅमिल्टनची, परंतु व्हर्स्टॅपननें तेवढ्यांत नवे टायर चढवून घेतले. शर्यतीचे संचालक मासी यांनीं या दोघांच्या मधल्या पांचच मोटारींना पुढें जाऊं दिलें, इतरांस नाहीं; आणि शेवटची एक फेरी खुली केली. त्या एका फेरींत विजेतेपद फिरलें. मार्च २०२२ च्या अहवालांत मानवी चूक मान्य झाली, हेतु शुद्ध होता असेंही म्हटलें. निकाल मात्र कायम राहिला. मासींचें पद त्यापूर्वींच गेलें होतें. हॅमिल्टन कित्येक आठवडे मौन धरून होता, आणि ज्या लतीफीचा त्या निर्णयाशीं कांहीं संबंध नव्हता, त्याला जिवें मारण्याच्या धमक्या आल्या!

"एवढ्या लांब कशाला जायचं, अप्पा?" सूनबाई आंतून म्हणाल्या. "नगरच्या कुस्तीचं विसरलात का?"

विसरलों नव्हतों. महाराष्ट्र केसरीची परंपरा १९६१ पासूनची. २ फेब्रुवारी २०२५ रोजीं अहिल्यानगरास गादी विभागाच्या अंतिम कुस्तींत पृथ्वीराज मोहोळ यानें शिवराज राक्षे यास चितपट केल्याचा निर्णय पंचांनीं दिला. राक्षे हा पूर्वीं दोन वेळां गदा जिंकलेला मल्ल. त्याचें म्हणणें, आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहींत. चित्रफीत पुन्हां पाहा. वाद वाढला आणि त्यानें पंचांस लाथ मारली. पुढें अंतिम लढतींत महेंद्र गायकवाडही पंचांवर रुष्ट होऊन कुस्ती संपण्यापूर्वींच निघून गेला. गदा मोहोळकडे गेली. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचें समर्थन आम्ही करणार नाहीं. तालमींत पाऊल टाकतांना प्रथम मातीला नमस्कार करावयाचा असतो, तो कांहीं उगाच नव्हे. परंतु मल्लाच्या आयुष्यांत तीन वर्षें म्हणजे किती, याचाही विचार व्हावा. पोरवयापासून पहांटेच्या जोरबैठका, घरच्यांच्या तोंडचें काढून पुरविलेला खुराक, आणि भरतीचा काळ उणापुरा दहा वर्षांचा. आम्हांस कींव येते ती मोहोळचीही. जिंकूनही त्याच्या गदेची गोष्ट दुसऱ्यांच्या भांडणावांचून कोणी सांगत नाहीं!

जन्मभर संस्कृत शिकवितांना, प्रत्यक्षासारखें प्रमाण नाहीं असें आम्ही सांगत आलों. त्याच शास्त्रांत दोरीला साप समजणारा मनुष्यही आहे, हें मात्र घाईघाईनें उरकीत असूं. खांदा टेकला कीं नाहीं हें पाहण्यास पंचाला निमिषार्ध मिळतो. तेव्हां शंका येतांच सर्वांसमक्ष चित्रफीत लावावी, निर्णय राहो वा फिरो, त्याचें कारण मल्लास सांगावें. एवढ्यानें पंचाची पत जाते, हें आम्हांस पटत नाहीं.

हें सांगण्याचा आमचा अधिकार काय, असें कोणी विचारील. आम्हींही पंचगिरी केली आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं पोलादपुरास शाळाशाळांमधील कबड्डीच्या सामन्यांत शेवटची चढाई चालली होती. एक किडकिडीत मुलगा तिघांच्या पकडींतून सरपटत आला आणि त्यानें मध्यरेषेला बोटें टेकलीं. परंतु त्याआधीं त्याचा दम सुटल्याचें आमच्या कानांस वाटलें, व आम्हीं शिटी दिली. भोंवतीं पोरांचा गलका, त्यांत घाट उतरणाऱ्या ट्रकचा भोंगा. खरोखर काय ऐकलें, हें आज शपथेवर सांगतां येणार नाहीं. मुलगा कांहीं बोलला नाहीं. हातांची माती झाडून बाहेर गेला. पुढल्या वर्षीं संघांत त्याचें नांव नव्हतें. आम्हीं चौकशी केली नाहीं. मुलापुढें मास्तरानें चूक कबूल करावी, ही रीत तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हती.

गेल्या फाल्गुनांत पोलादपूरच्या एस. टी. स्थानकावर एका गृहस्थानें वांकून नमस्कार केला. केस पिकूं लागलेले, बरोबर कॉलेजांत जाणारी मुलगी. ओळख पटली तेव्हां संकोच सोडून आम्हीं विचारलें, "त्या दिवशीं दम सुटला होता का रे?"

तो हंसला. "नव्हता सुटला, गुरुजी," म्हणाला. आणि आमची पिशवी उचलून महाडच्या गाडींत ठेवावयास निघाला.