साठी आणि संन्यासी

परवा माझी साठी झाली. सुनेने ओवाळले, मुलाने शाल पांघरली आणि नातवाने विचारले, "आजोबा, आता तुम्ही काय करणार?" उत्तर सुचेना. तीस वर्षे सरकारी दप्तरखान्यात धूळ खाल्ली. हे सदर तेवढे चालू ठेवले, पण कादंबरी लिहायची ती राहूनच गेली. 'साठी बुद्धी नाठी' म्हणत मी गप्प बसलो.

त्या रात्री मला आठवण झाली ती एडिथ पार्जेटर या इंग्रज लेखिकेची. जन्म १९१३ चा, श्रॉपशर परगण्यातला. पहिली कादंबरी १९३६ साली निघाली. पुढे ऐतिहासिक कादंबऱ्या, चेक भाषेतून केलेली भाषांतरे आणि 'एलिस पीटर्स' या टोपणनावाने रहस्यकथा, असे सारे तिने लिहिले. त्यांतल्या दोन कथा तर आपल्या भारतात घडतात! मानसन्मानही मिळाले. पण जगाने तिला डोक्यावर घेतले ते १९७७ नंतर. साठी उलटल्यावर बाईंनी ब्रदर कॅडफेल जन्माला घातला.

हा बाराव्या शतकातला संन्यासी. तरुणपणी धर्मयुद्धात लढला, उतारवयात श्रूजबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळू लागला. बाहेर राजा स्टीफन आणि मॉड यांची गादीसाठी लढाई चाललेली. अशा काळात खून झाला तर बोटांचे ठसे कोण घेणार? कॅडफेल जखम पाहतो, कपड्याला चिकटलेले पान पाहतो आणि माणसाचा स्वभाव ओळखतो. एका कथेत तर त्याने सांधेदुखीसाठी केलेले वचनागाचे तेलच कोणीतरी जेवणात कालवते! त्या पुस्तकाला १९८० साली 'सिल्व्हर डॅगर' मिळाले.

औषधांचे हे ज्ञान बाईंना कुठून आले? तरुणपणी त्यांनी डॉली गावी औषधांच्या दुकानात नोकरी केली होती. त्या बाटल्या-पुड्यांतले शहाणपण चाळीस वर्षांनी कामी आले. कॅडफेलच्या वीस कादंबऱ्या झाल्या, शेवटची १९९४ साली. पुढच्याच वर्षी बाई गेल्या.

मग वाचकहो, मलाही वाटले, दप्तरखान्यातली माझी तीस वर्षे तरी फुकट का जावीत? जुने दावे, खोट्या सह्या, वाळवीने खाल्लेली वाटणीपत्रे हे सारे मी पाहिले आहे.

सकाळी नातवाला म्हटले, "चल, दोनशे पानी वही आणू." तो म्हणाला, "कोणाला?"

"मला," मी म्हणालो.