काळ्या द्राक्षांची पांढरी शँपेन

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही उभयता मुलीच्या सासरी, फ्रान्समधल्या रँसला गेलो होतो. पहिल्याच जेवणाला व्याह्यांनी फिकट सोनेरी शँपेन ओतली. 'ब्लाँ द न्वार' म्हणे. निव्वळ काळ्या द्राक्षांची! मला थट्टा वाटली, मी मोठ्याने हसलो. व्याही हसले नाहीत. मुलीने टेबलाखालून माझा पाय दाबला.

सकाळी त्यांनी मला मुकाट्याने मळ्यात नेले. पिनो न्वारचा एक काळाभोर मणी बोटांत दाबून रस माझ्या तळहातावर पाडला. जवळजवळ पाण्यासारखा! रंग सारा सालीत. म्हणून घड हातांनीच खुडायचे, अख्खेच्या अख्खे हलके दाबायचे आणि ४००० किलोंतून २५५० लिटरच रस घ्यायचा, असा तिथला कायदा. मी कान पकडले.

रात्री विहीणबाईंनी कोंबडी भाजली आणि आमच्या शाकाहारी सौभाग्यवतींसाठी लोण्यात अळंबी परतली. पांढऱ्या द्राक्षांच्या शँपेनहून ही चवीला भरदार. दोन्हींशी तिचे छान जमले. आम्ही नेलेल्या बेसनाच्या लाडवावर मात्र घोट घेतला आणि तोंड आंबट झाले. कोरड्या शँपेनचे गोडाशी पटत नाही, हे मला कुठे ठाऊक! माझा चेहरा पाहून व्याही एकदाचे हसले.