गल्ल्यावर रोख नाकारता येऊ नये

दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये ‘रोख स्वीकारली जाणार नाही’ अशी पाटी आता राजरोस दिसू लागली आहे. मॉलमधली फूड कोर्टं, ऑफिसांच्या इमारतींतली उपाहारगृहं, काही कॉफीची दुकानं अशा ठिकाणी शंभराची नोट पुढे केली की काउंटरवरचा मुलगा मान हलवतो आणि स्कॅनरकडे बोट दाखवतो. ही पाटी काढायला लावणारा स्पष्ट कायदा आपल्याकडे व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. करोल बागेतल्या एका बँकेत मी रोखपाल होते. नोटा मोजण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, तशीच लोकांना कार्डांचे फॉर्म भरून देण्यातही गेली. त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

कार्डाचे फायदे खरे आहेत. फ्रीज, विमानाचं तिकीट, दवाखान्याचं मोठं बिल मी कार्डानेच भरते. व्यवहाराची नोंद राहते. त्रयस्थाने गैरव्यवहार केला, त्यात आपली चूक नसली आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार आपल्यावर तोशीस येत नाही. मेट्रोच्या गर्दीत पाकीट मारलं गेलं तर त्यातल्या नोटा कुणी भरून देत नाही.

पण रोजच्या बारीकसारीक खरेदीचा हिशेब वेगळा आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क पडत नाही. इतर डेबिट कार्डांवरच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. क्रेडिट कार्डावर मात्र दुकानदाराचे साधारण दोन टक्के जातात. किराणा दुकानदाराला डाळ-तांदळावर सुटतं ते किती? म्हणून तो ‘कार्ड पे दो परसेंट एक्स्ट्रा’ म्हणतो, नाहीतर भाव चढवतो आणि तो भुर्दंड रोख देणाऱ्यालाही बसतो. ग्राहकाने महिन्याचं पूर्ण बिल न भरता ‘किमान रक्कम’ भरली, की वर्षाला चाळीस टक्क्यांच्याही वर व्याज लागू शकतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. दूध, भाजी, रिक्षा यांसाठी क्रेडिट कार्ड वापरू नका, हे मी काउंटरवर बसूनही सांगत असे.

रोखही फुकट नाही. दिल्लीसारख्या महानगरात स्वतःच्या बँकेच्या एटीएमचे पाच आणि इतर बँकांच्या एटीएमचे तीन व्यवहार झाले, की पुढच्या प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क आहे. तेव्हा कशाने पैसे द्यायचे, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावं. माझा आग्रह एवढाच, की ठरवण्याची मुभा ग्राहकाकडे राहावी.

आमच्या मयूर विहारजवळच्या आठवडी बाजारात ही मुभा अजून शाबूत आहे. प्रत्येक हातगाडीला क्यूआर कोड लटकतो, साउंडबॉक्स ‘तीस रुपये प्राप्त हुए’ ओरडत असतो आणि शेजारीच नोटाही चालतात. भवानीची पहिली नोट भाजीवाला कपाळाला लावतो आणि मग पोत्याखाली सरकवतो. पहाटे गाझीपूरच्या मंडीत माल उचलायचा तर हातात रोकड लागते, असं तो सांगतो. दोन्ही घेऊन त्याचा धंदा नीट चालतो. मग वातानुकूलित दुकानालाच अडचण काय?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई त्रिलोकपुरीत राहते. तिचं बँकेत खातं आहे, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा आहे. पगार खात्यात टाकला की मेसेज त्याच्या फोनवर जातो आणि संध्याकाळपर्यंत पैसे संपलेले असतात. म्हणून ती पगार रोख मागते. दोन नोटा वेगळ्या काढून पदराच्या टोकाला गाठ मारते. त्या नोटा तिच्या मुलीच्या शिकवणीच्या. ही बाई मुलीला घेऊन अशा पाटीच्या फूड कोर्टमध्ये गेली, तर हातात कष्टाचे पैसे असून तिला डोसा मिळणार नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा अशा कितीतरी बायका माझ्या काउंटरसमोर उभ्या होत्या. डाळीच्या डब्यात, देवघराच्या खणात साठवलेले पाचशे-हजार त्यांना घरच्यांसमोर बाहेर काढावे लागले. बाईच्या हातात तिच्या मर्जीचे चार पैसे असणं म्हणजे काय, हे मी त्या रांगेत पाहिलं.

फोन वापरता न येणारे म्हातारे, दिल्लीत नव्याने आलेला मजूर, बॅटरी संपलेला विद्यार्थी यांचीही गत तीच. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय कोलमडलं, तेव्हा उत्तम फोन असलेलेही गल्ल्यासमोर अडकले आणि ज्यांच्या खिशात नोट होती त्यांचंच काम झालं.

रोखीने काळा पैसा वाढतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. त्यासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला २०१७ पासून बंदी आहेच. ती कडक राबवा. चाळीस रुपयांच्या चहातून कुणी काळा पैसा जिरवत नाही. यूपीआयच्या व्यवहारांची संख्या ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला दोन हजार कोटींवर गेली. नोटबंदीपूर्वी चलनात सुमारे अठरा लाख कोटी रुपये होते, मार्च २०२५ मध्ये ते छत्तीस लाख कोटींच्या पुढे गेले. लोकांना दोन्ही हवं आहे, हे या आकड्यांतून स्वच्छ दिसतं.

रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ नुसार नोट देशात कुठेही वैध चलन आहे. ती नाकारणाऱ्या दुकानदाराला दंड करण्याची तरतूद मात्र त्या कलमात नाही आणि पाटी लावणारे याच फटीत उभे आहेत. न्यूयॉर्क शहराने २०२० मध्ये दुकानांना रोख नाकारायला बंदी केली. डिजिटल व्यवहारांत जगाच्या पुढे असलेल्या नॉर्वेनेही ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा रोख देण्याचा हक्क कायद्याने पक्का केला. मग आपल्यालाच काय अवघड आहे?

केंद्र सरकारने एवढं करावं. माणूस बसलेल्या प्रत्येक गल्ल्यावर दोन हजार रुपयांपर्यंतची रोख घेणं बंधनकारक करावं आणि नाकारल्यास दंड ठेवावा. एटीएममधून शंभर-दोनशेच्या नोटा मिळाव्यात, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिला आहे. त्याची अंमलबजावणी बँकांनी मनापासून करावी, कारण सुट्ट्या पैशांवाचून रोखीचा हक्क कागदावरच राहतो.

वाचकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी कुठे रोख नाकारली, तर मुकाट्याने फोन काढू नका. मॅनेजरला कारण विचारा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. तुमच्याकडे फोन आहे, कार्ड आहे, तुमचं अडणार नाही. ज्यांचं अडतं त्यांच्याकडे तक्रार करायला फोनही नसतो. त्यांच्या वतीने ती तुम्हीच करायला हवी.